अर्धा मिलिमीटर

दिवाळीच्या अंकात वैशाखातल्या उन्हाविषयी लिहू नये, असा काही नियम असल्यास तो मला ठाऊक नाही. चकली खाता खाता वाचायला काहीतरी खुसखुशीत द्यावे, अशी संपादकांची दर वर्षी अपेक्षा असते आणि दर वर्षी मी त्यांची निराशा करतो. यंदाही करणार आहे. यंदाचा विषय आहे माझी जुनी मोटार, तिच्यातले थंड हवेचे यंत्र, आणि त्या यंत्राचा क्लच.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राशी माझा संबंध 'यंत्र' हा शब्द नपुंसकलिंगी आहे एवढ्यापुरताच. मोटारीत क्लच म्हणून एक वस्तू असते आणि ती डाव्या पायाखाली असते, इतकी माहिती मला होती. थंड हवेच्या यंत्रालाही स्वतःचा एक निराळा क्लच असतो, त्याला कोणीही पाय लावत नाही, आणि तरीही तो झिजतो, हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी प्राप्त झाले. ते कसे प्राप्त झाले त्याची ही हकिगत.

गाडी २००७ सालची. तिच्या कारखानदाराचे नाव सांगत नाही, कारण अठरा वर्षे इमानाने धावलेल्या गाडीच्या दुखण्याबद्दल कारखानदाराला बोल लावणे म्हणजे साठीतल्या माणसाच्या गुडघ्यांबद्दल त्याच्या सुइणीला जाब विचारण्यासारखे आहे. ही गाडी मी मिरवायला ठेवलेली नाही. आईच्या हृदयावर नागपुरात शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून दर दोन महिन्यांनी तिला अमरावतीहून नागपूरला तपासणीसाठी न्यावे लागते. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. 'रेल्वे आहे की!' असे आपण म्हणाल. आहे, पण स्टेशनातला पूल आईला चढवत नाही. आणि उन्हाळ्यात तिला उन्हापासून सांभाळा, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत ही ताकीद पाळायची म्हणजे काय, हे ज्याने चव्वेचाळीस अंशांत तळेगावच्या पुढचा रस्ता पाहिला आहे त्यालाच कळेल. तेव्हा त्या जुन्या गाडीतली थंड हवा ही आमच्या घरात चैनीची वस्तू नव्हती. ती औषधाच्या डब्यातलीच एक गोष्ट होती.

२०२५ च्या एप्रिलात नागपूरहून परतताना, दुपारी एकच्या सुमारास, कोंढाळी मागे टाकल्यावर झरोक्यांतून येणारा वारा हळूहळू कोमट झाला. मग गरम झाला. बटण बंद करून पुन्हा लावले, पंखा वाढवला, कमी केला, आणि शेवटी प्रत्येक अज्ञ माणूस करतो ते केले : डॅशबोर्डवर एक थाप मारली. काही उपयोग झाला नाही. काचा उघडल्या तेव्हा भट्टीचे दार उघडावे तशी झळ आत आली. आईने पदर ओला करून डोक्यावर घेतला. मागच्या सीटवरून ती एवढेच म्हणाली, ''तू पुढे बघून चालव. मी ठीक आहे.'' ती ठीक नव्हती. कारंज्याला एका हॉटेलात तिला तासभर पंख्याखाली बसवले, पन्हे पाजले. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला तेव्हा आम्ही निघालो. आणि गंमत पाहा, गाडी सुरू केली तर वारा बर्फासारखा गार!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे गिऱ्हाइकाला बसायला काचेची खोली असते, कॉफी असते आणि आपल्या गाडीचे काय चालले आहे ते दुरून पाहण्याची सोय असते. तिथे गाडीने मला पार तोंडघशी पाडले. यंत्र उत्तम चालले. डॉक्टरच्या दारात पोहोचले की पोराचा ताप उतरतो, तशातला प्रकार. तरीही 'गॅस थोडा कमी असेल' म्हणून त्यांनी गॅस भरला. आठ दिवसांनी भर उन्हात यंत्र पुन्हा बंद. पुन्हा गॅरेज, पुन्हा गार वारा. या वेळी छापील कागद हाती आला : कॉम्प्रेसर बदलावा लागेल, खर्च बावीस हजार रुपये, मजुरी वेगळी.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्या महिन्यांत तास नसतात त्या महिन्यांत तत्त्व तेवढे उरते. मे हा तसाच महिना. तो कागद मी पुस्तकात घालून ठेवला. पण आईच्या नजरेतून काही सुटत नाही. रात्री जेवताना तिने विचारले, ''कॉम्प्रेसर नसला तर गाडी चालत नाही का रे?''

''गाडी चालते. गार वारा येत नाही.''

''मग राहू दे. आणि या खेपेला तपासणीही राहू दे. पावसाळ्यात जाऊ. मला काही होत नाही.''

हा विषय तिच्या दृष्टीने तिथे संपला. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हे माझे स्नेही. त्यांनी एका मिस्त्रीचे नाव सुचवले. मोटारीच्या विजेची कामे करणारा साठीचा माणूस, पत्र्याचे छप्पर, दारात कडुनिंब, आणि बसायला काचेच्या खोलीऐवजी एक जुना टायर. मी छापील कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो पाहिलाही नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

''बंद पडते तवा गाडी पळून राह्यली असते, का उभी?''

''पळत असते. हायवेला.''

''सकाळी लावली का चालते?''

''छान चालते.''

''गावात, दुपारी?''

मी आठवून पाहिले. गावात दुपारी ती कधी बंद पडली नव्हती. मिस्त्रींनी मान हलवली. ''आन् बंद पडल्यावर घंटाभर उभी ठेवली, का परत लागते. बरोबर?''

मी चकित झालो. हे मी त्यांना सांगितले नव्हते. ते बॉनेट उघडतील असे मला वाटले, तर ते उठून गाडीत येऊन बसले. ''चला सर, फिरून येऊ. बिमार माणसाला ताप असला तवाच पाहा लागते.''

भर दुपारी आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. पाऊण तास गाडी पळवली. गुरुकुंज मोझरी गाठून परत फिरलो आणि वाटेत वारा कोमट झाला. माझ्या आयुष्यात गाडी बिघडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मिस्त्रींनी गाडी सावलीला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवायला सांगितले, आणि बॉनेट उघडून मला बोटाने दाखवू लागले.

आता वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण पुढचे समजल्याशिवाय या गोष्टीत काही राम नाही. इंजिनाच्या बाजूला एक पट्टा फिरत असतो. तो पट्टा कॉम्प्रेसरच्या तोंडावरची पुली फिरवतो. इंजिन चालू असेतोवर ही पुली अखंड फिरते. थंड हवा हवी असो वा नसो. मात्र ती नुसती बेअरिंगवर फिरते. कॉम्प्रेसरच्या आसाशी तिचा काही संबंध नसतो. आसाला जोडलेली असते पुलीच्या समोरची एक लोखंडी प्लेट, आणि दोहोंच्या मध्ये असते केसाएवढी फट. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. आपण बटण दाबले की त्या वेटोळ्यात वीज जाते, त्याचे चुंबक होते, प्लेट 'खट्' करून पुलीला चिकटते आणि मग पुलीबरोबर कॉम्प्रेसरही फिरू लागतो. गाडी पुरेशी गार झाली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, प्लेट सुटते. पुन्हा गरम झाले की पुन्हा 'खट्'. क्लच तो हाच.

विजेचे चुंबक करण्याची ही युक्ती १८२४-२५ च्या सुमारास विल्यम स्टर्जन या इंग्रज गृहस्थाने सिद्ध केली. हा मूळचा चांभाराच्या हाताखाली उमेदवारी केलेला माणूस. त्याच्या सुमारे दोनशे ग्रॅम वजनाच्या लोखंडाने चार किलो वजन उचलून धरले होते. मोटारीत मात्र ती युक्ती यायला वेळ लागला. अमेरिकेत १९४० च्या पॅकार्ड गाडीत प्रथम कारखान्यातूनच थंड हवेची सोय मिळू लागली, पण तिच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडीच्या दिवसांत यंत्र बंद ठेवायचे तर मालकाने गाडी थांबवून बॉनेट उघडावे आणि हाताने पट्टा काढून ठेवावा! श्रीमंतीलाही हात काळे करावे लागत, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. असो.

मिस्त्रींनी दाखवले ते असे : पुली गरगर फिरत होती आणि तिच्या तोंडावरची प्लेट स्तब्ध उभी होती. बटण चालू असूनही. त्यांनी मीटरची एक तार क्लचकडे जाणाऱ्या वायरीला लावली, दुसरी इंजिनच्या अंगाला. साडेतेरा व्होल्ट. मग दुसरी तार इंजिनवरून काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. तेच साडेतेरा.

''पाहा सर,'' ते म्हणाले, ''करंट इथपर्यंत येऊन राह्यला. म्हंजे फ्यूज सुटला, रिले सुटला, बटण सुटलं, थर्मोस्टॅट सुटला. गॅसही सुटला.''

''गॅस कसा सुटला?''

''गॅस कमी असता तर प्रेशरच्या स्विचनं करंट इथं येऊच देला नसता.''

न्यायाधीशाने एका साक्षीवर पाच आरोपी निर्दोष सोडावेत तसा हा प्रकार होता. त्या प्रेशरच्या स्विचचे कामच ते. गॅस गळून कमी झाला की तो वीज अडवतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरत असते. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरवला तर तो कोरडा घासून खरोखरच मरतो. म्हणून या स्विचला बगल देऊन यंत्र चालवण्याचा घरगुती पराक्रम कोणी करू नये. आणि दोनदा मोजलेल्या त्या साडेतेरा व्होल्टचा अर्थ असा की, इंजिनपासून बॅटरीपर्यंतची परतीची वाट, म्हणजे अर्थिंगही, ठीक होते.

मग मिस्त्रींनी मला दोन पावले मागे सरकवले, माझा झब्बा मुठीत धरायला लावला, आणि एका लांब लाकडी दांड्याच्या टोकाने त्या स्तब्ध प्लेटला हलकेच पुढे रेटले. खट्! प्लेट चिकटली, फिरू लागली, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला आणि मिनिटभरात आत गार वारा आला. (हा प्रयोगही वाचकांनी करू नये. फिरता पट्टा कोणाचे बोट आहे ते विचारत नाही.)

''सापडलं,'' मिस्त्री म्हणाले. ''कॉम्प्रेसर मोकळा फिरते. आवाज नाई, जाम नाई. ग्याप वाढला, बस.''

इंजिन बंद करून त्यांनी पात्यांचा एक पंखा काढला. त्याला फिलर गेज म्हणतात. निरनिराळ्या जाडीची पोलादी पाती, प्रत्येकीवर आकडा. प्लेट आणि पुली यांच्यामधल्या फटीत ते एकेक पाते घालून पाहू लागले. ०.३ सहज गेले. ०.६ सहज गेले. ०.९ जरासे अडखळत गेले. अशा गाड्यांत ही फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. अठरा वर्षे चिकटून आणि सुटून दोन्ही लोखंडे झिजली होती. प्रत्येक 'खट्'मध्ये कणाकणाने. जवळजवळ तिपटीने वाढलेले ते अंतर.

'अंतर' हा शब्द मी उगीच वापरत नाही. मिस्त्री त्याला ग्याप म्हणतात. पण मराठीत अंतर म्हणजे फट, अंतर म्हणजे मन, आणि 'अंतर देणे' म्हणजे ज्याचा आपल्यावर भार आहे त्याला ऐन वेळी सोडून देणे. वर्षानुवर्षे मी हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून अर्थ सांगत आलो. चुंबकालाही तो लागू पडतो हे मला माहीत नव्हते.

राहिला प्रश्न उन्हाचा. अंतर वाढले होते तर ते सकाळीही वाढलेलेच असणार; मग सकाळी यंत्र का चाले? याचे उत्तर संध्याकाळी आमच्या स्नेह्यांनी दिले. मिस्त्रींनी गरम असताना वेटोळ्याचा रोध मोजला होता : साडेचार ओहम. रात्रभर गार झाल्यावर सकाळी तोच साडेतीन भरला. तांबे तापले की विजेला अडवू लागते. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. सत्तर-पाऊणशे अंश चढले की वीज पाऊणपटीवर येते आणि चुंबकाची ओढ त्याहूनही खाली. त्यातच अंतर वाढले की ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. म्हणजे अंतर दुप्पट तर ओढ जेमतेम चतकोर. सकाळी गार वेटोळे ती वाढलेली फट कशीबशी ओलांडत असे. दुपारी तापलेल्या वेटोळ्याला ते जमत नसे.

''पण मग गावात दुपारी का बंद पडत नव्हते?'' मी विचारले. हा प्रश्न विचारल्याबद्दल मला स्वतःचे कौतुक वाटले.

स्नेही हसले. एकदा चिकटलेली प्लेट धरून ठेवायला चुंबकाला फार बळ लागत नाही, कारण तेव्हा मध्ये फटच नसते. बळ लागते ते पुन्हा ओढून घ्यायला. गावात, उन्हात, गाडी कधी पुरेशी गार होतच नसे. म्हणून थर्मोस्टॅट वीज तोडतच नसे, आणि सकाळी धरलेला हात सुटतच नसे. हायवेला गाडी गार होई, वीज तुटे, प्लेट सुटे, आणि मग तापलेल्या चुंबकाला ती पुन्हा जवळ घेता येत नसे. यंत्र बंद पडत होते ते ते उत्तम गारवा देत होते म्हणून! मिस्त्रींनी 'गावात, दुपारी?' हा प्रश्न का विचारला ते मला तेव्हा कळले. एका प्रश्नात त्यांनी अर्धा बॉनेट उघडला होता.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही इतकी छोटी. सकाळी, इंजिन गार असताना, मिस्त्रींनी प्लेटच्या मधोमध असलेला एकुलता एक बोल्ट काढला, प्लेट हलकेच बाहेर ओढली. आसावर पातळ वायसर होते, चकत्या. एक जाड, एक पातळ. कारखान्यात अंतर जुळवण्यासाठी घातलेल्या. जाड चकती अर्ध्या मिलिमीटरची होती. ती त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवली. प्लेटच्या आणि पुलीच्या घासलेल्या तोंडांवरचा तांबूस गंज कागदाने पुसला, प्लेट परत बसवली आणि पाती पुन्हा घातली. एका जागी नव्हे, वर्तुळात तीन जागी. तिन्ही जागी ०.४. ''लई कमी झाला तरी खराबच,'' ते म्हणाले. ''मंग बंद असतानाही घासत राह्यते, जळून जाते.'' गॅसच्या नळीला हातही लावावा लागला नाही.

मी पैसे विचारले. ''सहाशे. पेट्रोल तुमचंच होतं.'' मग थोडे थांबून, ''अजून एक वायसर हाये. दोन-तीन वर्षांनी तोही काढू. त्याच्यानंतर मात्र प्लेट बदला लागन, सर. लोखंड हाये, संपतेच.''

मोठ्या गॅरेजवाल्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी रोग पाहिलाच नव्हता. गार गाडी आली, गार गाडी गेली. काचेच्या खोलीतून निघून माझ्याबरोबर भर उन्हात मोझरीपर्यंत यायला त्यांच्या छापील कागदात रकाना नव्हता. कधी कधी कॉम्प्रेसर खरोखरच जातो, बेअरिंग ओरडू लागते, आस जाम होतो. तेव्हा बावीस हजारही द्यावेच लागतात. पण ते देण्यापूर्वी प्लेट फिरते आहे की उभी, एवढे तरी कोणी डोळ्यांनी पाहावे की नाही? आणि कॉपी तपासताना तिसऱ्या ओळीवरच 'याचा पायाच कच्चा आहे' असा शेरा मारून पुढे गेल्याचे काही प्रसंग मलाही आठवले. ते मी इथे सांगत नाही, दिवाळी आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन निघालो. तिला मी काही समजावले नव्हते. 'सहाशे रुपयांत झाले' एवढेच सांगितले होते, आणि त्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. सकाळी सातला निघायचे ते निघता निघता नऊ वाजले. तिवसा गेले, तळेगाव गेले. बाहेर रस्त्यावर मृगजळ दिसू लागले. आई मागे शाल काढून बसली.

''अरे, बंद कर ते थोडा वेळ. पाय गारठले माझे.''

मी बंद केले. कोंढाळीपर्यंत काही बोललो नाही. गाडी तापली होती, इंजिन तापले होते, वेटोळेही तापले असणार. साडेतीनचे साडेचार. पुढे टोलनाक्यावर रांग होती. गाडी थांबल्यावर काच खाली केली, कान दिला आणि बटण दाबले.

''काय ऐकतोस रे?'' आईने विचारले.

खट्.